मागून हाक

दैवशालाबाई कुणालाही मागून हाक मारत नाहीत, हे आमच्या गावात बालवाडीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पाहुणा चष्मा विसरून निघाला तर त्या "अहो, चष्मा" असं म्हणणार नाहीत. चष्मा उचलतील, गोठ्यामागच्या बोळातून पळत जातील, पारापाशी पाहुण्याच्या पुढ्यात येऊन उभ्या राहतील आणि धापा टाकत म्हणतील, "हे राह्यलं बघा." शाळेतली वात्रट पोरं मुद्दाम त्यांच्या अंगणात टोपी विसरून यायची आणि पाराच्या आडून बघत बसायची. मी त्या पोरांना रागावलो नाही. गोष्ट सांगितली. त्यानंतर टोप्या विसरणं बंद झालं.

गोष्ट अशी. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, असं आपल्याकडं घरोघरी सांगतात. चुकून मारलीच तर त्याने परत यावं, घटकाभर बसावं, पाण्याचे दोन घोट घ्यावेत आणि मग निघावं. दैवशालाबाईंचे मालक भागवतराव विहिरीवरची जळालेली मोटार दुरुस्तीला टाकण्यासाठी जालन्याला निघाले होते. मोटारसायकल फाटकातून बाहेर पडली आणि यांना दिसलं की डबा कट्ट्यावरच राहिला. यांनी हाक मारली. ते वळून आले, गाडीवरूनच हात पुढे करून डबा घेतला. या म्हणाल्या, "बसा जरा, घोटभर पाणी घ्या." ते म्हणाले, "मागं एवढी जड मोटार बांधल्याली, आता कुठं उतरू?" आणि गेले. दुपारी निरोप आला. उसाच्या ट्रॅक्टरखाली गाडी गेली होती. डब्याला पोचासुद्धा आला नव्हता.

मी त्यांना पुष्कळ समजावलं. रस्त्याला वळण होतं, ट्रॅक्टरचे ब्रेक धड नव्हते, हाकेचा आणि अपघाताचा संबंध काय? त्या शांतपणे ऐकायच्या, मान डोलवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी कुणाची तरी पिशवी घेऊन बोळातून पळायच्या. नुसती हाकच नाही. कुणी चांगल्या कामाला निघालं की त्या दारातही उभ्या राहायच्या नाहीत. आत, धान्याच्या कोठीपाशी जाऊन बसायच्या. आपला आवाज आणि आपली नजर निघालेल्या माणसाच्या पाठीला लागू नये, एवढंच त्यांना हवं असायचं.

अशा घरात पेंडो राहायला आली.

पेंडो टांझानियाची. तिच्या भागातही आपल्यासारखाच कापूस पिकतो, आणि तिचे आईवडील कापूसच लावायचे. तेव्हाच्या औरंगाबादेत ती शेतीचं शिकत होती आणि हंगामापुरती जालन्याच्या एका बियाणं कंपनीत काम शिकायला आली होती. जालन्यातच मस्तगड भागात तिनं खोली बघितली. फोनवर घरमालक "या, या" म्हणाले होते. तिला दारात बघितल्यावर म्हणाले, "खोली गेली." खोली भाड्याने देण्याची पाटी त्यांच्या डोक्यावर तशीच लटकत होती. ती पाटी तिला वाचता येत नव्हती, पण सोबतच्या मुलीला येत होती. शेवटी कंपनीच्या साहेबांनी तिला आमच्या गावी धाडलं, कारण दैवशालाबाईंच्या रानात कंपनीचा कापसाचा सीड प्लॉट होता आणि घरात त्या आणि शाळेत जाणारा मुलगा भारत अशी दोनच माणसं होती.

"नाव काय म्हणली?" झुंबरबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. झुंबरबाई म्हणजे दैवशालाबाईंच्या शेजारीण आणि प्लॉटवरच्या बायांत सर्वांत तिखट जिभेच्या. दैवशालाबाईंना त्या अक्का म्हणतात.

"पेंडो."

"पेंड? सरकीची पेंड? अगं अक्का, हिला म्हशीपुढं ठिवायची का काय?"

सगळ्या बाया हसल्या. पेंडोही हसली, कारण तिला काही कळलं नव्हतं. पुढं मराठी कळायला लागल्यावर तिनं याचं उत्तर दिलं. एकदा काम चालू असताना म्हणाली, "झुंबरमावशी, मी पेंडच. म्हैस पेंड खाते, तवा दूध देते. तुम्ही काय खाऊन बोलता?" त्या दिवशी झुंबरबाई स्वतः सगळ्यांत जास्त हसल्या. पेंडो म्हणजे तिच्या भाषेत माया, हेही मग सगळ्यांना कळलं.

मराठी ती माझ्याकडे शिकली. मी पहिलीचा वर्ग घ्यायचो. प्लॉटवरचं सकाळचं काम आटोपलं की ती यायची आणि शेवटच्या रांगेत मांडी घालून बसायची. पोरं पाटीकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघायची. एका चिमुरडीनं तिला विचारलं, "तुजा रंग जातो का?" मी काही बोलणार तोच पेंडोनं हात पुढे केला. "घास." पोरीनं बोटाला थुंकी लावून घासलं, आपलं बोट निरखून बघितलं आणि सगळ्या वर्गाला जाहीर केलं, "न्हाई जात." पेंडो म्हणाली, "आता तुझा बघू." पोरीनं आपलं मनगट घासलं. तोही गेला नाही. पोरांचं समाधान झालं आणि आम्ही पुढच्या अक्षराकडे वळलो. एवढा चांगला पाठ मी कधी घेतला नाही.

मुलांशी ती अशी मोकळी होती, पण मोठ्या माणसांपुढे तिचा आवाज बसायचा. एक प्रश्न विचारायच्या आधी दोनदा माफी मागायची. तिची भीड मोडली दैवशालाबाईंच्या प्लॉटवर.

संकरित कापसाचं बियाणं हातानं होतं. संध्याकाळी बाया ओळीत शिरतात आणि उद्या उमलणारी कळी नखानं सोलतात. वरच्या पाकळ्या आणि आतले परागाचे कण काढायचे, पण मधला नाजूक देठ शाबूत ठेवायचा. सकाळी त्या देठावर दुसऱ्या जातीचं फूल फिरवायचं आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. नख जरा जास्त लागलं की बोंड गेलं. हात असे गुंतलेले असतात, डोळे कळीवर असतात, आणि तोंडं मोकळी. त्या ओळींमधून आमच्या गावातल्या बायांनी एकमेकींना काय काय सांगितलं असेल ते देव जाणे.

त्या सांगण्याची सुरुवात बहुतेक वेळा दैवशालाबाईंच्या प्रश्नानं व्हायची. त्या विचारायच्या आणि गप्प राहायच्या. समोरची बोलली नाही तरी त्या दुसरा प्रश्न टाकायच्या नाहीत, पुढची कळी धरायच्या. बोलणारी मग आपणच बोलायला लागायची. पेंडोनं त्यांना विचारलं होतं, असं कसं जमतं? त्या म्हणाल्या, "तोंडाकडं बघून इचारलं की माणूस लाजतंय, न्हाई तर खोटं बोलतंय. हाताकडं बघून इचारावं. अन् इचारलं की थांबावं. कळीला कुणी घाई करतंय का?"

पेंडोनं ते धरलं. पहिले काही दिवस तिचे प्रश्न ऐकून बाया नुसत्या हसायच्या. लग्नात तू रडली ते खरं की दाखवायला? नवऱ्याचं कोणतं वागणं आवडतं, ते त्याला कधी सांगितलं का? हळूहळू त्या उत्तरं द्यायला लागल्या. झुंबरबाईंनी आपल्या पहिल्या, गेलेल्या लेकराचं नाव त्या ओळीत पहिल्यांदा उच्चारलं. दिवाळी जवळ आली तोवर शेजारच्या प्लॉटवरच्या बायाही म्हणायला लागल्या, "आम्हाला पेंडोच्या ओळीत घाला."

हंगाम संपायच्या आत तिला तिच्या देशातून बोलावणं आलं. तिच्या गावाजवळच्या शहरातल्या रेडिओला शेतकरी बायांच्या कार्यक्रमासाठी निवेदिका पाहिजे होती. आवाजाची परीक्षा होती, आणि त्यासाठी लवकर निघणं भाग होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती दैवशालाबाईंच्या शेजारच्या ओळीत होती. नजर कळीवर ठेवून तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही काकांशी शेवटचं काय बोललात?"

तिला काहीच माहीत नव्हतं. काका अपघातात गेले, एवढंच कुणी तरी सांगितलं होतं. दैवशालाबाईंच्या नखाखाली कळी तुटली. त्यांनी ती खाली टाकली, टोपली उचलली आणि घराकडे चालू लागल्या. पेंडो तिथंच उभी राहिली. झुंबरबाई तिला एवढंच म्हणाल्या, "त्यो इषय काढायचा न्हाई, बाई."

सकाळी दैवशालाबाईंनी तिला भाकरी बांधून दिल्या, शेंगदाण्याची चटणी दिली, तिच्या पिशवीचा तुटलेला बंद शिवून दिला. बोलल्या मात्र काही नाहीत. निघायची वेळ झाली. पेंडो उंबऱ्याबाहेर येऊन वळली तर मावशी मागं नव्हत्या. त्या आत कोठीपाशी बसल्या होत्या, डोळे मिटून, पदर तोंडाशी धरून. झुंबरबाईंनीच पोरीच्या हातावर दही-साखर ठेवली आणि म्हणाल्या, "जा जल्दी, जीप भरून राह्यली."

मी त्या वेळी शाळेत होतो. खिडकीतून ती पिशवी घेऊन जाताना दिसली. पोरं खिडकीशी गोळा झाली आणि तिचं नाव घेऊन ओरडली. तिनं हात हलवला. पण ती बघत होती ती पोरांच्या पलीकडे, दैवशालाबाईंच्या दाराकडे.

ती पोचल्यावर तिचा फोन आला. दैवशालाबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या : सुखरूप पोचली का, आणि जेवली का. नोकरी मिळाल्यावर पुन्हा फोन आला. त्या दिवशी त्या पेढे घेऊन शाळेत आल्या. इतकं हसताना मी त्यांना भागवतराव गेल्यानंतर बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "बघा गुरुजी. म्या हाक मारली न्हाई, दारात आले न्हाई, म्हणून पोरगी कामाला लागली." मी पेढा खाल्ला. पुढं भारतचा मोबाईल बदलला, नंबर गेला आणि फोन थांबले.

वर्षं गेली. भारतचं लग्न झालं. त्याची बायको राजनंदिनी घनसावंगीच्या इंग्रजी शाळेत शिकवते. सासूकडून पेंडोच्या गोष्टी ऐकून ऐकून तिनं एकदा मोबाईलवर ते नाव शोधलं आणि किंचाळलीच.

आम्ही अंगणात बसलो होतो. झुंबरबाई गवारीच्या शेंगा मोडत होत्या. राजनंदिनीनं मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर पेंडो होती. अंग भरलेलं, कानात मोठे पितळी डूल, पिवळ्या रंगाचा झगा. समोर कुणी तरी बाई बसलेली आणि मागं टाळ्या वाजवणारी माणसं.

"आई, ही तिकडं लई मोठी झाली आहे. टीव्हीवर हिचा स्वतःचा कार्यक्रम आहे. माणसांना बोलावून बोलतं करते," राजनंदिनी म्हणाली. "आणि ही बघा, हिचीच मुलाखत. इंग्रजीत आहे. थांबा, सांगते."

ती एकेक वाक्य थांबवून सांगत गेली. रेडिओवर पेंडोचा जम बसला होता. टीव्हीवर जायचं म्हणून ती मोठ्या शहरात गेली, तर तिथं तिच्या खेड्यातल्या बोलीला माणसं हसली. कुणी म्हणालं, रंग फार काळा आहे, दिव्याखाली दिसणार नाही. कुणी म्हणालं, केसांचं काही तरी कर. तिला बातम्यांच्या खोलीत चहा आणि कागद पोचवायला ठेवलं. एकदा बाजारातल्या मासे विकणाऱ्या बायांचं काही चित्रित करायचं होतं आणि ठरलेली निवेदिका वासानं मळमळून गाडीत बसून राहिली. पेंडो बायांच्या शेजारी उकिडवी बसली, मासे साफ करायला लागली आणि त्यांच्या हाताकडे बघत एक प्रश्न विचारला. मग थांबली. एका म्हातारीनं नवऱ्याच्या मारापासून लेकीच्या शिक्षणापर्यंत सगळं सांगितलं. ते लोकांनी पुन्हा पुन्हा बघितलं. तिला एकदा तासाचा कार्यक्रम मिळाला, मग दर आठवड्याचा. आता तो देशातला सर्वांत जास्त बघितला जाणारा कार्यक्रम होता.

"हाताकडं बघून!" झुंबरबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अक्का, तुजं हाय गं हे. बिलकुल तुजं."

दैवशालाबाई लाजून पदर ओढत होत्या, पण नजर पडद्यावरून हलत नव्हती.

पडद्यावरची मुलाखत घेणारी आता काही तरी वेगळं विचारत होती. राजनंदिनी सांगता सांगता थांबली.

"काय म्हणली? सांग की."

"तिच्या कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ 'दारापर्यंत' असा आहे. ती म्हणते..." राजनंदिनीनं एकदा माझ्याकडे बघितलं. "कार्यक्रम संपला की पाहुणा उठून दाराकडे जातो. तो दारात पोचला की ही त्याला मागून हाक मारते. पाहुणा वळतो, आणि मग ही शेवटचा प्रश्न विचारते. खरी गोष्ट त्या वेळी बाहेर येते, म्हणते."

"मागून हाक मारती?" दैवशालाबाई ताठ झाल्या. "सगळ्यांला? रोज?"

"पुढं ऐका, आई. तिला विचारलं की हे कुठून सुचलं. ती म्हणते, आमच्याकडं पाहुणा निघाला की त्याला वाटेवर थोडं पोचवून यायची रीत आहे. नाही गेलं तर समजायचं की पाहुण्याचं काही तरी चुकलं. हिंदुस्थानात एका घरी मी लेकीसारखी राहिले. प्रश्न कसा विचारायचा ते त्या घरच्या मावशीनं मला शिकवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला एक वाईट प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी ती दारातसुद्धा आली नाही. जीपपर्यंत मी हळूहळू चालले. वळून वळून बघत होते. मला वाटत होतं, ती एकदा तरी हाक मारेल. नाही मारली. त्या दिवसापासून मी कुणालाही हाक मारल्याशिवाय जाऊ देत नाही."

मोबाईलवर टाळ्या वाजत होत्या. राजनंदिनीनं तो पालथा ठेवला.

दैवशालाबाईंनी झुंबरबाईंना विचारलं, "वळून बघत व्हती?"

"तीनदा थांबली. लिंबापाशी, पारापाशी अन् जीपमध्ये चढताना."

"तू सांगितलं न्हाई मला."

"तू इचारलं न्हाई, अक्का."

दैवशालाबाई उठून आत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "तिला निरोप धाड. म्या रागात नव्हते म्हणावं. तिच्या चांगल्यासाठीच गप बसले म्हणावं." मग स्वतःच म्हणाल्या, "नगं. असं नगं. म्या माझ्या तोंडानं सांगते. फोन लागंल का तिचा?"

फोन लागणं सोपं नव्हतं. राजनंदिनीनं कार्यक्रमाच्या पानावर निरोप टाकले. कुणी बघितले नाहीत. मग तिनं जुना एक फोटो शोधून टाकला. प्लॉटवर कमरेएवढ्या कापसात पेंडो आणि दैवशालाबाई, दोघींच्या हातात कळ्या. दुसऱ्याच दिवशी पेंडोचं स्वतःचं उत्तर आलं, आणि त्यातल्या पहिल्या दोन ओळी इंग्रजी अक्षरांत मराठी होत्या : मावशी जिवंत आहेत? मावशी जेवल्या?

शनिवारी दुपारी बोलायचं ठरलं. त्या आठवडाभर दैवशालाबाई मला वाटेत गाठून पाठ म्हणून दाखवायच्या, पहिलीतल्या पोरासारख्या. "असं म्हणू का गुरुजी? 'पोरी, तुजे काका निघाले तवा म्या हाक मारली.' इथून सुरुवात करू का? का आधी म्हणू की तुजं काही चुकलं न्हाई?" मी म्हणायचो, आधी तेच म्हणा, चुकलं नाही म्हणून सांगा. त्या मान डोलवायच्या.

शनिवारी मोबाईल पुन्हा तांब्याला टेकवला. दैवशालाबाईंनी लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. झुंबरबाई म्हणाल्या, "काय अक्का, ती तुला टीव्हीत घ्यायली का काय?" पण स्वतः त्याही केस विंचरून आल्या होत्या.

पडद्यावर एकदम पेंडो आली. मागं मोठा आरसा, दिवे. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग म्हणाली, "मावशी! जेवली का?"

"जेवले. तू?"

"मी नाही. आज पोटात... फुलपाखरू? गुरुजी, काय म्हणतात?"

"गोळा आला म्हणतात," मी म्हणालो.

"गोळा आला. झुंबरमावशी, मी पेंड!"

"अगं पेंडीचं पोतं झाली की गं!" झुंबरबाई म्हणाल्या, आणि पेंडो मान मागं टाकून हसली, अगदी प्लॉटवर हसायची तशी.

मग तिनं सांगितलं. आजपासून तिचा कार्यक्रम शेजारच्या देशांतही दिसणार होता. थोड्याच वेळात थेट प्रक्षेपण होतं. बाहेर मोठमोठी माणसं येऊन बसली होती. "मावशी, आज माझी परत परीक्षा. म्हणून आजच तुम्हाला बघायचं होतं. आशीर्वाद द्या."

मी दैवशालाबाईंकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. मग त्या एवढंच म्हणाल्या, "लई चांगलं होईल. बराबर होईल सगळं."

राजनंदिनी त्यांच्या कानाशी पुटपुटली, "आई, सांगा ना."

"आज कसं सांगू?" त्याही पुटपुटल्या. "शुभ कामाला निघाली ती. अन् तिला मरणाचं सांगू?"

पेंडो वाट बघत होती. तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. तिची नजर खाली होती. मला वाटतं, ती दैवशालाबाईंच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होती. ते हात पदराचं टोक पिळत होते. तिकडून कुणी तरी दार वाजवून तिला बोलावलं. ती उठली.

"मावशी, मी निघते."

तिनं मोबाईल बंद केला नाही. तसाच आरशापुढं टेकवून ठेवला आणि दाराकडे चालायला लागली. पिवळ्या झग्यातली तिची पाठ आम्हाला दिसत होती. खोली लहान होती, पण ती हळू चालत होती. दाराच्या कडीवर हात ठेवून ती उभी राहिली.

आम्हा सगळ्यांना कळलं, ती कशासाठी थांबली आहे.

"आई, हाक मारा!" राजनंदिनी म्हणाली.

"मार गं अक्का! येऽ पेंड..." झुंबरबाईंनी सुरुवात केली, तर दैवशालाबाईंनी त्यांच्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हातानं स्वतःच्या तोंडावर पदर धरला. त्यांचे डोळे त्या पाठीवरून हटत नव्हते. ती पाठ त्यांना कुणाची दिसत होती, हे मला विचारावं लागलं नाही.

पेंडोनं वळून एकदा मोबाईलकडे बघितलं. हसली. मग कडी काढून बाहेर गेली आणि दार लागलं.

पडद्यावर रिकामी खुर्ची उरली. दैवशालाबाईंनी हात खाली घेतले.

"पेंडो," त्या म्हणाल्या. "पोरी, तुजं काही चुकलं न्हाई. तुजे काका निघाले तवा म्या हाक मारली गं. डबा राह्यला व्हता..."

त्या बोलत राहिल्या. आठवडाभर पाठ केलेलं सगळं, एकही शब्द न चुकता, त्या खुर्चीला सांगितलं. मध्येच एक अनोळखी पोरगी त्या खोलीत आली, कंगवे आवरायला लागली. तिनं मोबाईलवर एक म्हातारी बोलताना बघितली, गोड हसून हात हलवला आणि फोन बंद केला.

संध्याकाळी पेंडोचा निरोप आला : कार्यक्रम छान झाला, मावशींना सांगा. बाकी काही नव्हतं. तिनं पुन्हा काही विचारलं नव्हतं. दैवशालाबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि निजल्या.

सकाळी मी गेलो तर त्या कट्ट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "दोन्ही टायमाला पोरगी यशस्वी झाली, गुरुजी. अन् दोन्ही टायमाला माझ्या दारातून रिकामी गेली. आता म्या ह्याला काय म्हणावं?"

मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसलो.

राजनंदिनीला सुट्टी होती, ती अंगण झाडत होती. ती सासूपुढं उकिडवी बसली. "आई, असं करू. तुम्ही मोबाईलमध्ये हाक मारा, मी ती तिला पाठवते. ती आता घरी पोचली आहे, निजून उठलीसुद्धा असेल. घरी पोचलेल्या माणसाला मागून हाक मारली तर काय होतं?"

दैवशालाबाईंनी विचार केला. माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काही होत नाही."

त्यांनी मोबाईल तोंडापुढं धरला. आवाज निघेना. निघाला तो इतका बारीक की झुंबरबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "अशी हाक तर कोंबडीला बी ऐकू जायची न्हाई."

"हितं बसून न्हाई येत," दैवशालाबाई म्हणाल्या. त्या उठल्या आणि उंबऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या, पेंडो निघाली त्या सकाळी जिथं उभं राहायचं होतं तिथं. समोर लिंब, मग पार, मग रस्ता. सून मोबाईल घेऊन शेजारी उभी राहिली. दैवशालाबाईंनी छाती भरून श्वास घेतला.

"पेंडोऽऽ! ये पेंडोऽऽ!"

पारावरचे कावळे उडाले. भाजी घेऊन बाजाराला निघालेले गावातले काकासाहेब पारापाशी मोटारसायकलवर होते, त्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि मागं वळून बघितलं.

"काय झालं, वैनी? मला म्हणल्या का?"

दैवशालाबाईंचा चेहरा पांढरा पडला. "न्हाई हो. तुम्हाला न्हाई." मग घाईनं पुढं होऊन म्हणाल्या, "थांबा. थांबा, जाऊ नका. या हिकडं. बसा."

"अहो, भाजी उन्हात..."

"उतरा म्हणते ना! गाडी लावा."

काकासाहेब बिचारे उतरले. कट्ट्यावर बसले. दैवशालाबाईंनी आतून तांब्या आणला आणि ते पाणी पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. एक घोट, दोन घोट. ते उठायला लागले तर म्हणाल्या, "अजून एक घ्या." त्यांनी निमूटपणे घेतला.

"आता जाऊ का?"

"जा सावकाश."

मोटारसायकल लिंबापाशी गेली, पारापाशी गेली, वळणावर दिसेनाशी झाली. दैवशालाबाई उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. शेवटपर्यंत बघत राहिल्या. राजनंदिनीनं हळूच सांगितलं की हाक गेली, आता बाकीचं बोला, ती ऐकेल. त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. रिकामा तांब्या दोन्ही हातांत धरून त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"एवढंच तर करायचं व्हतं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "एवढंच."